स्थैर्य कोणाचें?

(नभोवाणीवरील भाषण)



परदेशी भांडवल ज्या देशांत जावयाचें, त्या देशांत राजकीय स्थैर्य हवें, असें आपण वर्तमानपत्रांतून नेहमीं वाचतों. विधान इतकें सरळ आहे कीं त्याविषयीं शंका घेण्याचें कारण कोणास वाटत नाहीं. जेथें आज एक सरकार आणि उद्यां दुसरें, तेथें आपला पैसा कोण घालील? परंतु आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या माणसाला एक खोड जडते. भाववाचक नाम दिसलें कीं त्याच्या मागची षष्ठी कोठें आहे, हें तो शोधूं लागतो. स्थैर्य ही चांगली गोष्ट खरी. पण स्थैर्य कोणाचें? खुर्चीचें, कायद्याचें, कीं ज्या जमिनीवर माणसें राहतात त्या जमिनीचें? या तीन स्थैर्यांचा विचार आज मी खाणींच्या उदाहरणानें करणार आहें.

खाणींचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं कापडाची गिरणी एका गांवांतून उचलून दुसऱ्या गांवीं नेतां येते. डोंगर नेतां येत नाहीं. खाणीच्या मालकाला जेथें खनिज आहे तेथेंच जावें लागतें, आणि एकदां पैसा घातल्यावर तो सहज काढून घेतां येत नाहीं. उलट गांवकऱ्यालाहि डोंगर पोखरल्यावर तो पुन्हां उभा करतां येत नाहीं. दोघेहि अडकलेले. म्हणून राज्यव्यवस्थेची परीक्षा जशी खाणींत होते, तशी इतरत्र क्वचितच होते.

मी राहतों तें आरोंदा हें गांव तेरेखोल नदीच्या कांठीं आहे. पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. १९६१ पर्यंत या एका पाण्याच्या दोन कांठांवर दोन राज्यें होतीं. इकडे प्रथम सावंतवाडी संस्थान आणि १९४८ नंतर मुंबई इलाखा. तिकडे पोर्तुगीज सरकार. सोयरीक, देव, भजन, बाजार हीं दोन्ही कांठांचीं एकच. कायदे मात्र दोन. राज्य बदललें म्हणजे काय बदलतें आणि काय बदलत नाहीं, हें पाहावयास आम्हां सीमेवरच्या लोकांना फार दूर जावें लागत नाहीं. आमच्या बाजूसहि खाडीच्या मुखाकडे रेडीची लोखंडाची खाण आहे. तेथलें खनिज तेथल्याच बंदरांतून जहाजांवर चढत आलें. याच खाणींत १९७६ सालीं द्विभुज गणपतीची मूर्ति सांपडली, आणि आज खाणीपेक्षां त्या गणपतीमुळें रेडीचें नांव अधिक लोकांस ठाऊक आहे.

गोव्याच्या खाणींचा कायदेशीर पाया १९०६ सालच्या पोर्तुगीज हुकुमानें घातला गेला. त्या हुकुमान्वयें जो परवाना मिळे त्याला मुदत नसे. अटी पाळाव्या, कर भरावा आणि पिढ्यान्‌पिढ्या खणावें. भाडेपट्ट्यापेक्षां वतनाशींच त्याचें साम्य अधिक. डिचोली, सत्तरी, सांगें, केपें या तालुक्यांतील डोंगरांचे असे शेकडो तुकडे कागदावर पडले. खरें मोठें खोदकाम मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालें. युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या जपानला आपल्या पोलादाच्या भट्ट्यांसाठीं खनिज हवें होतें. १९५१ मध्यें शिरगांवच्या खाणीसाठीं जपानचें भांडवल आणि यंत्रें आलीं. युद्धोत्तर काळांत जपाननें परदेशांत घातलेलें हें पहिलें भांडवल समजलें जातें. १९५४ मध्यें इटालियन पोलाद उद्योगाच्या पुढाकारानें ‘सेसा गोवा’ ही कंपनी निघाली. डोंगरांतून ट्रक, ट्रकांतून बार्ज, आणि मांडवी व जुवारी या नद्यांतून मुरगांव बंदर, असा खनिजाचा मार्ग ठरून गेला. १९५५ मध्यें भारत सरकारनें गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हां पोर्तुगीज सरकारला मोठा आधार मिळाला तो याच निर्यातीचा.

आतां स्थैर्याच्या दृष्टीनें या काळाकडे पाहा. लिस्बन येथें सालाझार १९३२ पासून १९६८ पर्यंत सलग पंतप्रधान होता. खऱ्या निवडणुकीची धास्ती नाहीं, वर्तमानपत्रांची टीका नाहीं, विधिमंडळाचा अडथळा नाहीं. भांडवलाला याहून स्थिर सरकार कोठें मिळणार? परंतु ज्या शेताच्या डोक्यावर खाण सुरू व्हावयाची त्या शेतकऱ्याला त्या स्थिर सरकारांत कांहींहि विचारण्याची पद्धत नव्हती. हें पहिलें स्थैर्य, खुर्चीचें. तें भांडवलाला सोयीचें असेल. पण लोकांच्या मौनावर तें उभें होतें, हें विसरतां कामा नये.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. राज्य एका दिवसांत बदललें. परवाने बदलले नाहींत. १९६३ च्या डिसेंबरांत पहिली निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक होते, आणि त्याचबरोबर खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा नेणारे म्हणून गोव्याचीं सामान्य माणसें आजहि त्यांचें नांव आदरानें घेतात. १९७३ मध्यें त्यांचें निधन झालें आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. मधल्या काळांत, १६ जानेवारी १९६७ रोजीं, गोवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा कीं केंद्रशासित राहावा, यावर जनमत घेतलें गेलें. म्हणजे प्रदेशाचें भवितव्यच तराजूंत होतें. पण त्या वर्षीं मुरगांव बंदरांतून खनिज जावयाचें थांबलें नाहीं. जपानी गिरण्यांना मुख्यमंत्र्यांच्या नांवाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांना परवाना ठाऊक होता, आणि परवाना जागच्या जागीं होता.

१९८७ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें. ३० मे रोजीं गोवा स्वतंत्र घटकराज्य झालें, आणि त्याच वर्षीं संसदेनें पोर्तुगीज परवाने रद्द करून त्यांचे भारतीय कायद्याखालील पट्टे केले, तेहि २० डिसेंबर १९६१ पासूनचे समजून. वतन गेलें आणि मुदतीचा पट्टा आला. मालकांनीं न्यायालयांत धांव घेतली आणि वाद वर्षानुवर्षें चालला.

त्यानंतरचें दशक गोव्याच्या राजकारणांत मोठ्या अस्थैर्याचें गेलें. १९९० च्या वसंतांत एक मंत्रिमंडळ अवघे १८ दिवस टिकलें. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रपति राजवट आली; १९९९ मध्यें ती पुन्हां आली. १९९४ च्या एप्रिलांत एक मुख्यमंत्री एक आठवडाहि पदावर राहिले नाहींत. पक्षांतर हा शब्द मुलांना निराळा शिकवावा लागत नव्हता. नियमाप्रमाणें परदेशी भांडवलानें या काळांत गोव्याकडे पाठ फिरवावयास हवी होती. झालें काय? याच दशकाच्या मध्यावर, १९९६ मध्यें, जपानच्या मित्सुई कंपनीनें सेसा गोव्याची मालकी मिळविली. पुढें २००७ मध्यें ती लंडनच्या शेअरबाजारांत नोंदलेल्या वेदान्त समूहाकडे गेली. भांडवल घाबरलें नाहीं, कारण खुर्ची हलत होती तरी पट्टा हलत नव्हता.

मग चीनची मागणी आली. जी हलक्या प्रतीची माती पूर्वीं टाकाऊ म्हणून ढिगांत फेकली जाई, तिलाहि भाव आला. २०१०-११ च्या सुमारास गोव्याची वार्षिक निर्यात पांच कोटी टनांच्या घरांत पोहोंचली. एक टन खनिज काढावयास अडीच-तीन टन माती बाजूस काढावी लागते, हें लक्षांत घेतलें म्हणजे डोंगरांचें काय झालें असेल याची कल्पना येईल. जेथें भूजलाच्या पातळीखालीं खणलें गेलें तेथें पाणी रात्रंदिवस उपसावें लागलें, आणि आसपासच्या विहिरी तळाला गेल्या. पावसाळ्यांत ढिगांची लाल माती ओहोळांतून भातशेतांत उतरली. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. शेंकडों घरांत प्रथमच पक्की भिंत उभी राहिली ती याच पैशानें. शाळेंतील हुशार मुलगा दहावीनंतर ट्रकवर गेला, तर त्याच्या बापाला दोष देणें मला कधीं जमलें नाहीं. घरीं दरमहा रोख रक्कम येणें म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं ती कधीं आली नव्हती त्यालाच कळतें.

परंतु ज्या पट्ट्यांवर हें सारें उभें होतें, त्यांची मुदत संपत आली होती याकडे कोणी पाहिलें नाहीं. १९८७ च्या कायद्याचा हिशोब धरला तर पहिल्या नूतनीकरणाचा काळ २२ नोव्हेंबर २००७ रोजीं संपला होता. खणणें मात्र चालूच राहिलें. केंद्र सरकारनें २०१० मध्यें न्यायमूर्ति एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्यें संसदेपुढें आला, त्याच महिन्यांत राज्य सरकारनें खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें बंदी घातली. लक्षांत घ्या, त्याच वर्षीं मार्चमध्यें गोव्यांत एका पक्षाला विधानसभेंत स्वतःचें बहुमत मिळालें होतें. खुर्ची स्थिर झाली आणि खाण बंद पडली! २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें २००७ नंतरचें खोदकाम बेकायदा ठरविलें, पुढील खोदकामास वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठीं कायम निधींत ठेवावयास सांगितलें. त्यानंतर ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण झालें. तेंहि ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं न्यायालयानें रद्द केलें, आणि मार्चमध्यें काम पुन्हां थांबलें. ट्रक अंगणांत उभे राहिले. कर्जाचे हप्ते थांबले नाहींत. पट्ट्यांचे लिलाव २०२२ च्या डिसेंबरांत सुरू झाले, आणि २०२४ मध्यें डिचोलीच्या खाणींत पुन्हां यंत्रें चालूं लागलीं.

यावरून काय दिसतें? सरकारें पडल्यानें खाण बुडाली नाहीं. कायदा कच्चा ठेवल्यानें बुडाली. ज्यांनीं तो कच्चा राहूं दिला त्यांत अस्थिर सरकारें होतीं तशीं स्थिर सरकारेंहि होतीं. आणि त्याची किंमत मोठ्या कंपनीपेक्षां एका ट्रकच्या मालकानें अधिक चुकती केली.

आतां क्षणभर दूर जाऊं. मध्य आशियांत किर्गिझस्तान नांवाचा डोंगराळ देश आहे. सोव्हिएत संघ मोडला तेव्हां, ३१ ऑगस्ट १९९१ रोजीं, तो स्वतंत्र झाला. त्यान-शान पर्वतांत सुमारें चार हजार मीटर उंचीवर तेथें कुमतोर ही सोन्याची खाण आहे. नव्या राष्ट्राजवळ ती खणण्यास पैसा नव्हता. १९९२ मध्यें कॅनडाच्या कॅमेको कंपनीशीं करार झाला आणि १९९७ मध्यें सोनें निघूं लागलें. देशाच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारें दहावा भाग या एका खाणीवर अवलंबून राहूं लागला. मे १९९८ मध्यें सायनाइडनें भरलेला एक ट्रक खाणीच्या वाटेवर बारस्कून नदींत पडला, आणि खालच्या गांवांत जी भीति बसली ती पुढें कधींच पुरती गेली नाहीं.

या देशांत २००५, २०१० आणि २०२० अशा तीन वेळां जमावानें सरकार उलथून टाकलें. कुमतोरचा करारहि स्थिर राहिला नाहीं. २००४ आणि २००९ मध्यें त्याची मांडणी बदलली, आणि प्रत्येक वेळीं मागच्यांनीं देश विकला असा संशय पुढच्यांनीं घेतला. २०१२ मध्यें खाण राष्ट्राच्या मालकीची करा, या मागणीसाठीं राजधानीत निदर्शनें झालीं. त्यांचे एक पुढारी सादिर जपारोव पुढें तुरुंगांत गेले. २०२० च्या उठावांत जमावानें त्यांना तुरुंगांतून सोडविलें, जानेवारी २०२१ मध्यें ते राष्ट्राध्यक्ष निवडून आले, आणि मे महिन्यांत सरकारनें खाणीचा ताबा घेतला. एप्रिल २०२२ च्या तडजोडीनें परदेशी कंपनींतील आपला सुमारें २६ टक्के हिस्सा सोडून किर्गिझ सरकारनें संपूर्ण खाण घेतली.

येथें खुर्ची आणि करार एकाच दोरीनें बांधलेले होते; एक ओढली कीं दुसरा पडे. त्याचें कारण त्या लोकांचा स्वभाव, असें समजूं नये. करार बंद दाराआड झाला, त्यांत किती मिळालें आणि कोणाला मिळालें हें लोकांना कळलें नाहीं, म्हणून तो करार राष्ट्राचा न वाटतां राज्यकर्त्याचा वाटला. राज्यकर्त्याबरोबर तोहि जावा, अशीच इच्छा मग लोकांना होणार. गोव्यांत आपला वाद शेवटीं न्यायालयाच्या दारीं गेला, राजवाड्याच्या दारीं गेला नाहीं, हें आपलें भाग्य मानलें पाहिजे. न्यायालयाला वेळ लागतो. पण तेथें दगड हातांत घेऊन जावें लागत नाहीं.

तथापि एक प्रश्न दोन्हीकडे उरतोच. कुमतोर येथें खाणीची टाकाऊ माती व दगड हिमनदीवर टाकले गेले. मालक परदेशी असो वा स्वदेशी, हिमनदीवर पडलेल्या दगडाला राष्ट्रीयत्व नसतें. शिरगांवच्या ओहोळांत उतरलेल्या मातीलाहि तें नव्हतें. मालकी बदलून जमिनीचें स्थैर्य येत नाहीं. त्यासाठीं कराराच्या कागदावर पाण्याचें आणि शेताचें नांव आधींच लिहिलेलें असावें लागतें.

परदेशी भांडवलाची बाजू न्यायानें मांडावयाची तर असें म्हणावें लागेल: ज्याला खाण सुरू करण्यापूर्वींच अनेक वर्षें पैसा ओतावयाचा आहे, त्यानें नियम मधेंच बदलणार नाहींत याचें आश्वासन मागणें गैर नाहीं. पण आश्वासन एकतर्फी असूं नये. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे नवा पट्टा लिलावानें आणि पन्नास वर्षांसाठीं दिला जातो. पन्नास वर्षें म्हणजे दहा विधानसभा. ज्या मंत्र्याच्या काळांत सही होते तो पट्टा संपेपर्यंत पदावर नसतो. बहुधा जगांतहि नसतो. गांव मात्र तेथेंच असतें. मग कंपनीला पन्नास वर्षांची हमी देणाऱ्या कागदांत गांवाच्या विहिरीला पन्नास वर्षांची हमी कां नसावी?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यापुरता अजून शिळा झालेला नाहीं. दोडामार्ग तालुक्यांत कळणें येथें लोखंडाची खाण आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत तिचा बांध फुटला, आणि चिखलाचा लोंढा बागायतींत व घरांपर्यंत गेला. सावंतवाडी ते दोडामार्ग हा सह्याद्रीचा पट्टा पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठीं राखावा कीं नाहीं, याची चर्चा २०११ च्या गाडगीळ समितीपासून चालू आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ मध्यें या पट्ट्यांतील वृक्षतोडीस मनाई केली, आणि २०२४ मध्यें हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावयास सांगितलें. डोंगराखालीं लोखंड आहे आणि डोंगरावर पाणी आहे. दोन्ही एकाच वेळीं पुरतेपणीं मिळणार नाहींत. निवड करावी लागेल, आणि ती आपण न केल्यास दुसरा कोणी करील.

शहरांतील श्रोत्यांस वाटेल, यांत आमचा संबंध काय? संबंध आहे. खाणींचीं धोरणें शहरांत ठरतात, त्यांचे शेअर शहरांत विकले जातात, आणि ज्या जाहिरातींतून गांवाला आपल्या भवितव्याची पहिली बातमी मिळते ती वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली असते. २००६ च्या नियमाप्रमाणें मोठ्या खाणीला परवानगी देण्यापूर्वीं जनसुनावणी घ्यावी लागते, आणि तिची सूचना निदान तीस दिवस आधीं स्थानिक भाषेंतील दैनिकांत द्यावी लागते. ती सूचना वाचणें हें सुशिक्षित घरांचें काम आहे. तुमचें मूळ गांव कोंकणांत असेल, तर ती कापून गांवीं पाठविणें हें त्याहून मोठें काम आहे.

सुनावणीस जाणाऱ्यानें तीन प्रश्न विचारावे. पट्ट्याची मुदत किती, आणि ती संपल्यावर खड्डा कोण बुजविणार? खोदकाम भूजलाच्या पातळीखालीं जाणार असेल तर कोणाकोणाच्या विहिरी त्याच्या कक्षेंत येतात? आणि गांवाच्या वांट्याचा जो पैसा जिल्ह्याच्या खनिज निधींत जमा होईल, त्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढें दर वर्षीं वाचला जाईल कां? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळालीं, तर भांडवल कोठलें आहे याची मला फारशी चिंता वाटत नाहीं. तीं मिळालीं नाहींत, तर भांडवल आपल्याच माणसाचें असूनहि उपयोग नाहीं.

लोकशाहींत सरकारें बदलावयाचींच. तो तिचा दोष नव्हे, ती तिची रीत आहे. बदलत्या सरकारांखालीं जें बदलूं नये तें म्हणजे दिलेला शब्द, आणि तो शब्द उघड्यावर, सर्वांच्या समक्ष दिलेला असला तरच टिकतो. कायद्याचें स्थैर्य आणि जमिनीचें स्थैर्य हीं दोन सांभाळलीं, तर खुर्चीच्या स्थैर्याची काळजी ज्यांना खुर्चीवर बसावयाचें आहे त्यांनीं खुशाल करावी.